चष्म्याला चष्मा

१

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी धुकं, साडेनऊपर्यंत समोरच्या गच्चीवरची टाकी दिसत नव्हती. दहानंतर स्वच्छ ऊन.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर माधवी बिराजदारने एवढं लिहिलं, खाली पट्टीने रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं. तारीख आणि हवा लिहिल्याशिवाय तिची कुठलीच वही सुरू होत नसे. घरी सत्तावीस वर्षांच्या रोजनिश्या होत्या, कुणी न सांगता लागलेली सवय. इथे, हिमायतनगरच्या गल्लीतल्या मंडळाच्या सभागृहात, टाकाऊ वस्तूंच्या प्रदर्शनाची ही नोंदवही होती. तीही गेली अकरा वर्षं तिच्याच हातात.

नोंदवहीची पद्धत केशवरावांची. मंडळ त्यांनीच सुरू केलं होतं. पहिल्या वर्षी प्रदर्शनात एका बाईंना आपली टाकून दिलेली पैठणी दुसरीच्या तोरणात दिसली आणि त्या ती परत मागायला लागल्या. भर सभागृहात ओढाओढ झाली. तेव्हापासून नियम झाला. घरातली टाकाऊ वस्तू टोपलीत टाकायची, तिला चिठ्ठी बांधायची, वहीत तिची खूण लिहायची आणि देणाऱ्याने सही करायची. मग ती कुणीही आपल्या कलाकृतीत वापरावी. सही झाली की वस्तू गेली. जिच्या कलाकृतीतली एखादी वस्तू वहीत नसेल, तिची प्रवेशिका बाद. आणि कुणाला काही परत हवंच असेल तर त्याच जातीची दुसरी वस्तू द्यायची. डब्याला डबा, साडीला साडी. केशवराव त्याला बदली म्हणायचे.

माधवी प्रत्येक पानावर अनुक्रमांक आधीच घालून ठेवायची, म्हणजे मध्ये कुणी ओळ घुसवायला नको.

त्या सकाळी अनुराधाबाई आल्या. पिशवीतून एक जुना चष्मा काढून टोपलीत ठेवला, न बोलता सही केली आणि गेल्या. माधवीनेही काही विचारलं नाही. इतक्या वर्षांत तिने पाहिलं होतं, पुरुषाचा चष्मा टोपलीत एकाच कारणाने येतो. बायका कपडे वाटून टाकतात, चपला रद्दीवाल्याला देतात, पण चष्मा कुणाला देता येत नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही.

त्यांच्यामागून श्रुती आली. पुण्याची, तेहतिशीची, वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे कोंडापूरला राहायला आलेली. जाड काळ्या चौकटीचा चष्मा, तोही इतक्या नंबराचा की काचेआडचे डोळे बोराएवढे दिसत. तिने आणि तिच्या नवऱ्याने, सौरभने, गल्लीत पाडलेल्या घराची एक सागवानी खिडकी उचलून आणली होती. गज नव्हते, काचा नव्हत्या, नुसती सोळा घरांची चौकट.

"काकू, ही चालेल ना? वाटेतच पडली होती."

माधवीला इथे सगळ्या ताई म्हणत. चोपन्नाव्या वर्षी काकू व्हायला तिची हरकत नसावी, पण होती. तिने खिडकीचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि सहीची जागा दाखवली. श्रुतीने न वाचताच सही केली. इंग्रजी शाळेतली, मराठी वाचायला वेळ लागतो, असं हसत म्हणाली.

माधवीला अकरा वर्षं सलग पहिलं बक्षीस होतं. यंदा ती वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा पाच फुटी घड्याळाचा मनोरा करत होती. एकोणीसशे सुरळ्या, प्रत्येक सात इंचांची. त्या पोकळ चौकटीकडे तिने पुन्हा एकदा पाहिलं, आणि का ते तिला तेव्हा कळलं नाही.

२

घरं लहान म्हणून बायका बुधवारी आणि रविवारी सभागृहातच काम करत. पुढच्या रविवारी माधवी आली तेव्हा खिडकीची सहा घरं भरली होती. काही घरांत बाटल्यांचे तळ होते, काहींत बांगड्यांचे तुकडे आणि बटणं, आणि सगळं इतकं नेटकं बसवलेलं की कुठे सांधा दिसत नव्हता. दोन बायका समोर उभ्या होत्या आणि बोलत नव्हत्या. माधवीच्या मनोऱ्यासमोर बायका नेहमी बोलत. किती सुरळ्या, किती दिवस, किती डिंक.

ती जवळ गेली. दुसऱ्या ओळीत, बटणांच्या मधोमध, मिक्सरच्या झाकणाची मूठ होती. काळी, तडकलेली, पांढऱ्या एमसीलने जोडलेली. एमसीलवर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाला आडवी चीर होती.

तिच्या नवऱ्याच्या, शिवराजच्या, अंगठ्याला तशी चीर होती. वीज खात्यात असताना केबलने कापलेली. आणि घरच्या झाकणाची मूठ त्यानेच गेल्या दिवाळीत जोडली होती.

माधवी रिक्षाने घरी आली. चपला न काढता स्वयंपाकघरात गेली. झाकण फळीवर होतं. मूठ जागेवर, एमसील जागेवर, ठसा जागेवर. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि स्वतःवरच चिडली. मिक्सर हजारो घरांत असतात, एमसील सगळेच लावतात, अंगठे कुणालाही कापतात. तिने ते रोजनिशीत लिहिलं, तीन कारणं, क्रमाने.

गुरुवारी चटणी वाटताना झाकण हातातून निसटलं. मूठ तुटून ओट्याखाली गेली.

तुटलेली वस्तू मंडळाच्या टोपलीत, ही तिची सवय. त्याच संध्याकाळी तिने ती नेऊन टाकली, वहीत लिहिली, अनुक्रमांक एकशे एकोणचाळीस, आणि सही केली. मग खिडकीकडे पाहिलं. मूठ तिथे होतीच. परत टोपलीत पाहिलं तर टोपलीत नव्हती. तिने टोपली जमिनीवर उपडी केली, एकेक वस्तू बाजूला ठेवली, पुन्हा भरली.

श्रुतीने उचलली असेल, असं तिने मनाशी म्हटलं. पण श्रुती त्या दिवशी आली नव्हती.

३

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, चहा-बिस्किटं झाली आणि बायका कामाला बसल्या. ऊन चांगलं होतं. खिडकी सभागृहाच्या मागच्या भिंतीला, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी केली होती, आणि तरी तिच्यातून उजेड येतोय असं वाटायचं.

तिसऱ्या ओळीत आता स्टीलची ताटली होती. घासून आरशासारखी केलेली. काठावर टिंबटिंबांनी कोरलेली अक्षरं होती. माधवीने वाचली नाहीत. ती तिला पाठ होती. "चि. सौ. माधवीस, विकासकडून, २०-५-९५." भावाने लग्नात दिलेल्या सहा ताटल्यांतली ही एकच उरली होती.

तिने श्रुतीला विचारलं, शक्य तितक्या सहज आवाजात, की ही कुठून मिळाली.

"टोपलीतूनच, काकू. चिठ्ठी होती ना तुमच्या नावाची." श्रुतीने चष्मा नाकावर सरकवला. "तुमच्या घरातल्या वस्तू किती छान वापरलेल्या असतात. माझ्याकडे असं काहीच जुनं नाही. मला खरं तर तुमचा हेवा वाटतो."

हेवा हा शब्द तिने इतक्या सरळपणे उच्चारला की माधवीला तो चोरल्यासारखा वाटला. तो शब्द तिचा होता. पंधरा दिवस ती तो गिळून बसली होती.

ताटली घरी रॅकमध्ये होती. माधवीने ती कपाटात ठेवली, कुलूप लावलं. तीन दिवसांनी शिवराजने पापड वाळवायला म्हणून किल्ली शोधून तीच ताटली काढली, कारण बाकीच्या सगळ्या ओल्या होत्या, आणि खाली कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. पाण्याचा टँकर मागे घेताना भिंतीला घासला. ताटली चाकाखाली गेली.

"ताटलीच आहे," शिवराज म्हणाला. "एवढी परेशान कशाला होतीस? दुसरी आणू, आबिड्सच्या भांड्यांच्या दुकानात नाव टाकून देतात."

माधवीने वाकडी झालेली ताटली टोपलीत नेऊन टाकली. टाकली नसती तरी चाललं असतं, हे तिच्या मनात आलं. पण वस्तू खिडकीत होती आणि वहीत नव्हती, आणि वहीत चूक राहणं तिला सहन झालं नाही. अनुक्रमांक एकशे अठ्ठावन्न.

सही करत असताना यादगिरीने दारातून डोकं आत घातलं. तो सभागृहाची झाडलोट पाहायचा.

"अम्मा, अंदर कुकर रखे क्या? सीटी बजरी."

सभागृहात गॅस नव्हता. माधवीने मान हलवली. तो गेल्यावर तिलाही ऐकू आली. बारीक, लांबून आल्यासारखी शिटी, शेवटी जराशी बसणारी. तिच्या कुकरची रबर रिंग जुनी झाली होती, त्याची शिटी अशीच बसायची. आवाज मागच्या भिंतीकडून येत होता.

४

दोन फेब्रुवारीला शिवराज तिचा डबा घेऊन सभागृहात आला. रोज संध्याकाळी तो अफझलगंजच्या वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला जायचा, मंडळात सहसा यायचा नाही. माधवी मनोऱ्याच्या मागे शिडीवर होती. तिने पाहिलं, तो डबा टेबलावर ठेवून खिडकीसमोर उभा राहिला. मग खुर्ची ओढून बसला. तिने सवयीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं.

एकोणतीस वर्षांत तो तिच्या कुठल्याही कामासमोर बावीस मिनिटं बसला नव्हता. छान झालंय म्हणायचा, हात लावायचा, आणि चहा कुठे आहे विचारायचा.

"कमाल करायलीय ही पोरगी," तो म्हणाला. "बसलं की उठावंसंच वाटत नाही बघ. घरी बसल्यासारखं वाटतंय."

माधवीने मनोऱ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, छान आहे की, उंच झालाय.

तो गेल्यावर ती शिडीवरून उतरली आणि पहिल्यांदाच खिडकीसमोर नीट उभी राहिली. मनात होतं की एखादा दोष सापडावा. डिंकाचा ओघळ, वाकडी कड, काहीही. शेवटच्या ओळीच्या आधीच्या ओळीत, एका घरात दोन काचा होत्या, चष्म्याच्या, चौकटीसकट बसवलेल्या. सोनेरी काडी. डाव्या काडीला बिजागरीपाशी काळा दोरा गुंडाळलेला, सात वेढे, शेवटी गाठ. गाठ तिने स्वतः घातली होती, दसऱ्याला. तोच चष्मा डोळ्यांवर घालून शिवराज आत्ताच दारातून बाहेर गेला होता.

ती वाकली आणि काचेतून पाहिलं.

पलीकडे वीतभरावर सभागृहाची हिरव्या ऑइलपेंटची भिंत दिसायला हवी होती. हिरवं काही नव्हतं. दुपारच्या उजेडात वेताची खुर्ची होती, हातावर पंचा टाकलेली. शेजारी स्टुलावर वर्तमानपत्र, घडी न मोडलेलं. खुर्ची रिकामी होती. मागे दुधाच्या पातेल्यासारखं काहीतरी उतू जात होतं, चर्र आवाज येत होता, आणि ते बंद करायला कुणी उठत नव्हतं.

माधवी मागे सरली तेव्हा टेबलाला धडकली. डबा पडला. भेंडीची भाजी सगळ्या फरशीवर झाली आणि ती पुसत बसली, हातांना काम मिळालं म्हणून बरं वाटून.

त्याच्या नंबराची काच आहे, मला वेडंवाकडं दिसणारच, असं तिने ठरवलं. मग चष्म्याची चिठ्ठी पाहिली. श्रुती प्रत्येक वस्तूची चिठ्ठी मागच्या बाजूला खिळ्याला लावून ठेवायची. अक्षर माधवीचं होतं. तिचा ष ती खाली शेपूट देऊन काढायची, तशी शेपूट होती. अनुक्रमांक एकशे एकाहत्तर.

वहीत शेवटची नोंद एकशे अठ्ठावन्न होती. त्याखाली बारा ओळी कोऱ्या, नुसते आकडे. आणि पानाच्या तळाशी, एकशे एकाहत्तरसमोर, निळ्या शाईत: चष्मा, पुरुषाचा, सोनेरी, डाव्या काडीला काळा दोरा. तारीख, ९-२-२०२५. प्रदर्शनाचा दिवस. देणाऱ्याची सही शिवराजची नव्हती. तिची होती.

५

तिने तीन दिवस विचार केला आणि तो सगळा लिहून काढला.

एक, तिनेच कधीतरी तंद्रीत लिहिलं असेल. पण का? दोन, श्रुतीने अक्षर गिरवलं असेल. पण तिला धड वाचता येत नव्हतं. तीन, आपल्याला खिडकी सहन होत नाही म्हणून आपण हे सगळं पाहतो आहोत. हे तिसरं कारण लिहिल्यावर ती बराच वेळ वही उघडी ठेवून बसली, कारण ते खरं असण्याची तिला सर्वांत जास्त भीती वाटली आणि सर्वांत जास्त आशाही.

शिवराज शेजारी वेताच्या खुर्चीत पेपर वाचत होता. अधूनमधून छातीवर हात चोळत होता. विचारलं तर म्हणाला, गॅस आहे.

चष्मा वहीत न लिहिता सोडला तर खिडकी बाद झाली असती आणि बारावं बक्षीस तिचं झालं असतं, बोट न उचलता. पण नोंद तर झालेलीच होती. पान फाडलं तर? वहीची पानं मोजलेली होती, तिनेच मोजली होती. शिवाय तीन आठवड्यांत एकदाही वस्तू वहीची वाट पाहत थांबली नव्हती.

बुधवारी ती केशवरावांकडे नारायणगुड्याला गेली. ब्याऐंशी वर्षांचे, कानाला यंत्र, पण नियम तोंडपाठ. तिने इतकंच सांगितलं की एक चष्मा चुकून लिहिला गेलाय आणि तो परत हवा आहे.

"चुकून कसा लिहिला जाईल? तू लिहितेस ना?"

ती पर्सचा बंद नीट करू लागली.

केशवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "सही झाली की वस्तू गेली, माधवी. बदली दे. चष्म्याला चष्मा. परीक्षणाच्या आधी द्यायची, आणि जिचा असेल तिने स्वतः सही करायची. दुसऱ्याच्या वतीने चालत नाही, ते एकदा करून पाहिलं होतं." काय करून पाहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. चहा घेऊन जा म्हणाले.

घरी येऊन तिने कपाटातून स्वतःचा जुना चष्मा काढला. तपकिरी चौकट, जांभळी डबी. तो पर्समध्ये ठेवला. एकोणतीस वर्षं, असं तिच्या मनात आलं. त्यापुढे काही आलं नाही.

६

गुरुवारी सहा तारखेला सकाळी अकरा वाजता सभागृहात श्रुती एकटीच होती. खिडकीची पंधरा घरं भरली होती. बाहेर कोरडं, पांढरं ऊन होतं आणि पंखा लावायची वेळ यंदा लवकर आली होती.

माधवीने वही टेबलावर उघडली, लाल पेन काढलं, पर्समध्ये हात घातला. डबी बोटांना लागली. तिने श्रुतीला सांगितलं, तो सोनेरी चष्मा आमच्या ह्यांचा आहे, चुकून आला, काढून द्यावा लागेल, बदल्यात दुसरा देते.

"अय्यो, काकांचा?" श्रुती हा शब्द इथे येऊन शिकली होती. तिने लगेच चिमटा उचलला आणि काचेच्या कडेने डिंक सोडवायला लागली. "काल संध्याकाळी काका आले होते. तासभर बसले. वाचनालयात गेलेच नाहीत. मला म्हणाले, इतक्या वर्षांत या हॉलमध्ये असं काही झालं नव्हतं. म्हणाले, बाकी सगळं नुसती मेहनत असते."

डिंक सुटल्याचा कट् असा आवाज आला.

माधवीचा हात पर्समध्येच राहिला. बाकी सगळं. एकोणीसशे सुरळ्या, आणि त्याआधीची अकरा वर्षं. ती आगपेट्यांची पालखी, तो आइस्क्रीमच्या चमच्यांचा मोर. हे सगळं नुसती मेहनत, आणि ते त्याने घरी तिला सांगितलं नव्हतं, इथे येऊन या मुलीला सांगितलं होतं.

"तुम्ही कशाला देताय?" श्रुती म्हणाली. "माझ्याकडे आहे की." तिने आपल्या पिशवीतून एक डबी काढली. आत तसाच जाड काळा चष्मा, डोळ्यांवर होता त्याचा जुळा. "मी दोन करून घेते नेहमी. एक तुटला तर दुसरा. ह्याच्याशिवाय मला समोरचं माणूस दिसत नाही, नुसता ठिपका दिसतो. काळी चौकट तिथे छान पण दिसेल."

"दुसरा लागला तर?" माधवीने विचारलं. इतकं तिने विचारलं.

"एक आहे की डोळ्यांवर. तो कुठे जातोय."

सभागृहात पंखा फिरत होता. पर्समधल्या जांभळ्या डबीवरून माधवीने बोटं काढून घेतली. तिने एकशे एकाहत्तरसमोर, शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं: परत. बदली, चष्मा, बाईचा, काळी जाड चौकट. तारखेला हात लावला नाही. वही वळवून श्रुतीपुढे केली.

"काकू, कुठे करू?"

माधवीने जागा दाखवली. श्रुतीने सही केली, न वाचता, नावाखाली नेहमीसारखी छोटी रेघ ओढून.

शिवराजचा चष्मा रुमालात गुंडाळून माधवीने घरी आणला. रुमाल उघडला तेव्हा आत काळ्या दोऱ्याचा तुकडा होता, सात वेढ्यांनी कुरळा झालेला. दुसरं काही नव्हतं. बाहेरच्या खोलीतून शिवराजने हाक मारली.

"अगं, दोरा आण जरा. काडी सुटायलीय माझी."

तिने काळा दोरा नेला. सात वेढे, शेवटी गाठ. बांधताना तिचा कान त्याच्या छातीजवळ होता. सगळं नीट चाललं होतं.

७

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळपासून कडक ऊन, वारा नाही. आकाश स्वच्छ.

माधवी साडेआठला सभागृहात आली. मधल्या बारा ओळी तीन दिवसांत भरल्या होत्या, कुणाचं तोरण, कुणाची झुंबरं. वही एकशे बहात्तरवर थांबली होती. तिने प्रवेशिकांची कार्डं लावली. मनोरा दाराशी, क्रमांक एक. खिडकी मागच्या भिंतीला, क्रमांक नऊ. सोळाही घरं पूर्ण.

नऊ वाजून वीस मिनिटांनी मागच्या बाजूने आवाज यायला लागला. थप. थप. ओल्या तळव्यांनी फरशी चाचपल्यासारखा. थोडं थांबून पुन्हा.

ती गेली आणि काळ्या चौकटीच्या काचेसमोर वाकली.

राखाडी फरशीची अनोळखी खोली. पलंगाखालून ओढलेल्या चपला, उपडी केलेली पिशवी. एक बाई गुडघ्यांवर होती, पाठ माधवीकडे. दोन्ही हात पसरून ती फरशी चाचपत होती, कपाटाच्या खाली, पायपुसण्याखाली, पुन्हा कपाटाच्या खाली. मग थांबली. कुणीतरी पाहतंय हे कळल्यासारखी. आणि मान वळवायला लागली.

माधवी सरळ उभी राहिली. फोन हातात होता, त्यात श्रुतीचा नंबर होता. काय सांगायचं, असा तिने विचार केला. चष्मा शोधू नको? की शोधल्याशिवाय निघू नको? ती तिथे उभी राहून वाक्य जुळवत होती. अनुराधाबाई आल्या आणि फुलं कुठे ठेवू म्हणून विचारायला लागल्या. माधवीने फोन पर्समध्ये ठेवला आणि फुलांची जागा दाखवली.

प्रदर्शन दहाला उघडलं. दुपारपर्यंत तीनशे लोक येऊन गेले. परीक्षक म्हणून आलेल्या निशिगंधाबाई खिडकीसमोर उभ्या राहिल्या त्या हलेनात. चार वाजता त्यांनी निकाल केशवरावांच्या हातात दिला. पहिला क्रमांक, प्रवेशिका नऊ. श्रुतीला फोन लावला, वाजत राहिला. सौरभचाही वाजत राहिला. साडेचारपर्यंत थांबले. मग केशवरावांनी नियम वाचला की विजेतीने बक्षीस घेताना वहीत सही करायला हवी, ती हजर नसेल तर बक्षीस पुढच्या क्रमांकाला जातं. पुढचा क्रमांक मनोऱ्याचा होता.

माधवी मंचावर गेली. टाळ्या झाल्या. तिने समोर पाहिलं. शिवराज शेवटच्या रांगेच्याही मागे, मंचाकडे पाठ करून, खिडकीसमोर खुर्ची टाकून बसला होता.

सौरभचा फोन केशवरावांना पाच वाजून दहा मिनिटांनी आला. श्रुती सकाळी पावणेदहाला घरातून निघाली. चष्मा उठल्यापासून सापडत नव्हता, उशीर नको म्हणून ती तशीच निघाली. रिक्षा पकडायला सोसायटीसमोरचा रस्ता ओलांडताना पाण्याच्या टँकरखाली आली. दवाखान्यात बारा वाजून वीस मिनिटांनी वारली.

प्रवेशिका एकूण अठरा. वस्तू एकशे बहात्तर, बदली एक. पहिलं बक्षीस, प्रवेशिका क्रमांक एक, सौ. माधवी शिवराज बिराजदार, सलग बारावं वर्ष. वही पाच वाजून चाळीस मिनिटांनी बंद केली.